यादीत नसलेला काळा

शर्वाणीनं ती निळी फाइल काउंटरवर ठेवली, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला लाकडी केळ्यांचा घड दाखवत होते.

"वहिनी, सावकाश वाचा. घाई नाही. म्हणजे आहे, पण उद्या दिलीत तरी चालेल."

"काय आहे हे?"

"भातुकलीचे कागद. युरोपात खेळणं विकायचं तर सगळं लिहून द्यावं लागतं. लाकूड कुठलं, रंग कुठले, कोणत्या प्रयोगशाळेनं तपासले. आणि शेवटी बनवणाऱ्यानं सही करून सांगायचं, की यातलं काहीही मुलांना धोक्याचं नाही. एक गोष्ट जरी खोटी निघाली तर सगळा माल परत. तुम्ही कोर्टाचे कागद टाइप केलेत. तुमच्या डोळ्यांतून काही सुटत नाही."

एवढं बोलून ती आत गेली. गिऱ्हाईक तिच्या पाठीकडे बघत राहिलं आणि मला म्हणालं, "पेपरात फोटो आला होता त्या ह्याच ना?"

"ह्याच," मी म्हटलं आणि केळी परत फळीवर ठेवली.

नऊ वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर होता. सावंतवाडीत आमचं खेळण्यांचं दुकान, मागे कारखाना, वर घर. कारखाना म्हणजे तीन लेथ आणि चार माणसं. माझा नवरा विलास लेथवर बसला की त्याला जेवायला हाक मारावी लागे. त्याचा धाकटा भाऊ अवधूत नाशकाला शिकायला गेला आणि येताना शर्वाणीला घेऊन आला. तिनं वस्तू घडवण्याचं शिक्षण घेतलं होतं, म्हणजे कागदावर. मी थोरली जाऊ. लग्नाआधी सहा वर्षं ॲडव्होकेट माणगावकरांच्या ऑफिसात टायपिस्ट होते, आणि लग्न झाल्यापासून एकोणीस वर्षं त्या काउंटरमागे.

आता सरळच सांगते. मला शर्वाणीचा हेवा वाटायचा. हेवा हा शब्दही साजूक झाला, माझा जळफळाट व्हायचा. मी मुलांच्या हातात मावेल अशी छोटी भातुकली करू या म्हणून आठ वर्षं घोकत होते. चूल, पाट, लाटणं, परात, चार वाट्या. विलास म्हणायचा, बघू. तिनं येऊन तेच कागदावर काढलं, त्याला एक इंग्रजी नाव दिलं आणि इंटरनेटवर टाकलं. लोकांनी आधी पैसे द्यायचे, मग आपण वस्तू बनवून पाठवायची, असा तो प्रकार. क्राउडफंडिंग म्हणतात. महिन्याभरात परदेशातल्या चारशे बारा घरांनी आमची भातुकली मागवली. घरात पेढे वाटले. पेढे आणायला मीच गेले होते.

त्या मागणीसाठी तिनं एक व्हिडिओ केला होता. त्यात विलास दिसतो, लेथ दिसतो, आमच्या सासूबाई दारात बसून हसताना दिसतात. पाटाला लाखेचा रंग चढवणारे हातही दिसतात. हात माझे होते. तोंड घेतलं नव्हतं. "वहिनी, हातच इतके बोलके आहेत," असं ती म्हणाली होती, आणि मी "हो का" म्हणून स्वयंपाकघरात जाऊन कुकरची शिट्टी उगाच दोनदा काढून बसवली.

तर ती फाइल. दुपारी दुकान बंद ठेवायची वेळ असते तेव्हा मी ती घेऊन बसले. एकशे चाळीस पानं होती आणि खोटं कशाला बोलू, मी चूक शोधायलाच बसले होते. मी चूक काढणारी बाई आहे. आमटीत मीठ कमी असलं तर पहिल्या घासाला सांगते. लग्नपत्रिका आली की आधी त्यातलं चुकलेलं नाव शोधते. शर्वाणीच्या फाइलीत मला निदान दहा चुका तरी हव्या होत्या.

पण फाइल सुरेख होती. प्रत्येक तुकड्याचं माप होतं. किती वर्षांच्या पुढच्या मुलासाठी, ते लिहिलं होतं. तिकडची तक्रार घ्यायला जर्मनीतल्या एका बाईंचं नाव-पत्ता होता, कारण तिकडे माणूस असावाच लागतो असा नियम आहे. बनवणाऱ्याचं नाव आणि सही यांची जागा तेवढी कोरी होती. रंगांची यादी होती. लाल, पिवळा, हिरवा, केशरी, जांभळा. प्रत्येकापुढे प्रयोगशाळेचा आकडा आणि शिक्का. खाली एक ओळ: या पाच रंगांव्यतिरिक्त खेळण्यावर कोणताही रंग नाही.

ती ओळ मी वाचली, पुढचं पान उलटलं आणि परत मागे आले.

आमच्या घरातून कुठलाही माल बाहेर जाताना सासूबाई त्याला तीट लावतात. तान्ह्या बाळाच्या तळपायाला लावतात तशी, प्रत्येक खेळण्याच्या खालच्या अंगाला एक काळा ठिपका. मसुराएवढा. पूर्वी काजळाचा लावायच्या. पण काजळ पुसलं जायचं, म्हणून मामंजींच्या काळापासून तेलरंगाचा लावायला लागल्या. दुकानाच्या पाट्या रंगवायला आणलेला तो डबा त्यांनी टर्पेंटाइन घालून घालून जिवंत ठेवला होता. डब्यावरचा कागद कधीच गळून गेला होता, त्यामुळे आत काय आहे हे कंपनीलासुद्धा सांगता आलं नसतं.

हा ठिपका अगदी शेवटी, माल पेटाऱ्यांत भरताना लागतो, त्याआधी नाही. आणि शर्वाणीनं प्रयोगशाळेत नमुने नेले होते ते थेट लेथजवळच्या फळीवरून, स्वतःच्या पिशवीत घालून. त्यांच्यावर तीट नव्हती.

घरातल्या कोणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. येणार कसं? उंबऱ्यावर रांगोळी असते तशी ती तीट. तो रंग आहे असं कोणाला वाटतच नव्हतं.

मी फाइल मिटली. मला आनंद झाला होता. मी डोळ्यांपुढे आणलं, की तिकडच्या कोणीतरी पाट उलटा केला, ठिपका खरवडून तपासायला पाठवला, आणि चारशे बारा पेटारे परत आले. शर्वाणी दारात उभी आहे आणि पेपरवाले पुन्हा आलेत. तिचा तो नेहमी हसरा चेहरा पडलेला मला अगदी स्वच्छ दिसला.

मंगळवारी सकाळी मी तिला फाइल परत दिली.

"वाचलीत?"

"सगळी."

"मग?"

"छान आहे."

"काहीच नाही?"

"काही नाही गं. उत्तम केलंयस."

एवढं कौतुक मी तिचं लग्नातसुद्धा केलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग "बरं" म्हणाली आणि फाइल छातीशी धरून वर गेली.

पुढचे तीन दिवस मी मूग गिळून होते. मन मोठं चलाख असतं. ते म्हणालं, तू कुठे काय केलंस? ठिपका तू लावत नाहीस, कागद तू लिहिले नाहीस. तिची सही, तिची जबाबदारी. एवढी शिकलेली आहे तर बघावं तिनं डोळे उघडून. आणि मुलांचं म्हणशील, तर एवढ्याशा ठिपक्यानं काय होतंय, आपली मुलं नाही वाढली?

हे शेवटचं मात्र मला नीट पटत नव्हतं. माणगावकरांकडे असताना एका रंगाच्या कारखान्याची केस मी टाइप केली होती. जुन्या तेलरंगात शिसं असायचं आणि ते लहान मुलांच्या डोक्यावर काय परिणाम करतं, हे मी स्वतःच्या बोटांनी तीन प्रतींत बडवलं होतं.

गुरुवारी शर्वाणीनं लॅपटॉप सासूबाईंपुढे धरला. भातुकली मागवणाऱ्या एका बाईनं आपल्या घरातला फोटो पाठवला होता. चार वर्षांची एक मुलगी, आणि तिच्या मांडीशी रांगणारी जुळी भावंडं. दोघांच्या तोंडात काही ना काही होतं.

"ही पोरां बघ गो, वैजयंती," सासूबाई मला म्हणाल्या. "दात येतत तेंका. मिळात तां तोंडात घालतत."

"दिसता," मी म्हटलं.

"एवढ्या परमुलखात आपला खेळणा जातला. थंय तेंची दिष्ट कोण काढतला?" आणि त्यांनी कपाटातून तो डबा काढायला सांगितला.

डबा मीच काढून दिला. हे सांगताना आजही मला लाज वाटते, पण दिला मीच.

शुक्रवारी दिवसभर त्या ओसरीवर बसून ठिपके देत होत्या. काडीला कापूस गुंडाळलेला. चूल उलटी करायची, टिंब. पाट उलटा, टिंब. प्रत्येक टिंबाबरोबर ओठ हलत होते. शर्वाणी त्या दिवशी छापखान्यात आणि मग गोव्याला विमानानं जाणाऱ्या मालाची व्यवस्था बघायला गेली होती. मी दुकानातून आत येता-जाता बघत होते. एकदा वाटलं, जाऊन काडी हातातून काढून घ्यावी. तेवढ्यात विलास लेथवरून ओरडला, "शर्वाणीचो फोन इलो काय?" इकडे मी दिवसभर राबतेय, पण माझा फोन आला की नाही हे त्यानं उभ्या जन्मात विचारलं नव्हतं. मी परत काउंटरवर जाऊन बसले.

शनिवारी दुपारी शर्वाणी दुकानात आली. हातात तीच निळी फाइल, वर एक कागद आणि पेन. बाहेर ऊन रणरणत होतं, गिऱ्हाईक नव्हतं.

"वहिनी, सोमवारी माल निघतोय. तेवढी सही राहिलीय."

"मग कर की."

"माझी नाही. तुमची."

मी कागद ओढला. वर इंग्रजीत लिहिलं होतं: खाली सही करणारी व्यक्ती आपल्या एकटीच्या जबाबदारीवर जाहीर करते. आणि खाली, बनवणाऱ्याच्या जागी, स्वच्छ छापलेलं: वैजयंती विलास चितारी. तिनं खिशातून एक स्टिकर काढून काउंटरवर चिकटवला. तो प्रत्येक पेटाऱ्यावर लागणार होता. त्यावरही माझंच नाव, आमच्या दुकानाचा पत्ता.

एकोणीस वर्षं मला हेच हवं होतं. आमच्या वस्तूवर माझं नाव, आणि तेही साता समुद्रापलीकडे. आणि ते समोर आलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"माझं कशाला?"

"दुकानाचा परवाना तुमच्या नावावर आहे. मामंजींनी तो तुमच्या नावावर केला होता. काम भाऊजींचं, रंग तुमचा. मी चित्र काढलं आणि पत्रं लिहिली. बनवणारी तुम्हीच आहात, यात खोटं काही नाही." तिनं पेनचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं.

मी घेतलं. टोक कागदापर्यंत नेलं. एकट्या जबाबदारीवर, हे शब्द दिसत होते.

"शर्वाणी, काळ्याचं काय?"

"कुठला काळा?"

"आईंची तीट. प्रत्येक पाटाखाली आहे. तुझ्या यादीत काळा नाही. तो तपासलेला नाही. डबा तीस वर्षांचा असेल, त्यात शिसं असेल नाहीतर नसेल, कोणालाच माहीत नाही."

ती खुर्चीवर बसली. नाकावरचा घाम पुसला. "अरे देवा," ती म्हणाली. "मी रोज बघते ती. माझ्या लग्नात माझ्या कानामागे लावली होती त्यांनी." मला वाटलं आता रडेल. पण तिनं विचारलं, "सोमवारीच कळलं होतं ना तुम्हाला?"

"म्हणजे?"

"मला कळत होतं तुम्हाला काहीतरी सापडलंय. काय ते कळत नव्हतं. तीन दिवस मी फाइल परत परत वाचली, डोकं फुटायची वेळ आली."

"तुला कसं कळलं?"

"वहिनी, मी कोथिंबीर उलटी धरून चिरली तरी तुम्ही सांगता. एकशे चाळीस पानं वाचून तुम्ही म्हणालात, छान आहे." तिनं फाइल स्वतःकडे ओढली. "तेव्हाच मला घाम फुटला. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं नसतंत. म्हणून मंगळवारी दुपारी छापखान्यात जाऊन माझ्या नावाच्या जागी तुमचं घातलं."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. पकडली गेले म्हणून राग आला, तिच्या हुशारीचा पुन्हा एकदा जळफळाट झाला, आणि कुठेतरी हायसंही वाटलं.

"नाव माझंच असतं," तिनं विचारलं, "तर सांगितलं असतंत?"

मी खोटं बोलू शकले असते. तिला पटलंही असतं कदाचित, तिला पटवून घ्यायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "नसतं सांगितलं."

तिनं मान खाली घातली. फोटोतली ती रांगणारी दोन पोरं माझ्या डोळ्यांपुढे होती, आणि तिच्याही असणार. मला वाटलं, आता ती कागद फाडेल. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "काढून टाक माझं नाव."

"नाही." तिनं पेन परत माझ्याकडे सरकवलं. "मग तर तुमचंच राहू दे. तुमचं नाव असलं म्हणजे काही सुटणार नाही. पण सही आज नको. आधी ठिपके काढू, मग करा."

"विमान चुकेल."

"चुकू दे. चारशे बारा लोकांना पत्र लिहीन, उशीर होतोय म्हणून. काय झालं तेही लिहीन."

"सगळं लिहिशील?"

"तिटीचं लिहीन," ती म्हणाली. "बाकीचं घरातलं आहे."

आम्ही ओसरीवर गेलो. पेटाऱ्यांची उतरंड भिंतीला लावलेली होती, आणि तिच्यापुढे सासूबाई पाट उलटे मांडून शेवटचे ठिपके वाळतात का ते बघत होत्या. शर्वाणी त्यांच्याजवळ खाली बसली आणि तिनं नीट समजावून सांगितलं. कुठला रंग चालतो, कुठला चालत नाही, ठिपका घासून तिथे तपासलेली लाख परत चढवावी लागेल. सासूबाई ऐकत होत्या, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं.

"इतकी वर्सां लावतंय मी," त्या म्हणाल्या. "कोणाचा वायट झाला?"

"पोरां तोंडात घालतत, आई," मी म्हटलं. "तुमीच म्हणालात. ह्या रंगात काय आसा ता आपणाक ठावक नाय."

तो फोटो त्यांनाही आठवला असावा. हातातल्या पाटावरचा ठिपका त्यांनी अंगठ्यानं चाचपून बघितला. तो वाळून घट्ट झाला होता.

"काढतंय म्हणतास तर काढा," त्या म्हणाल्या. "पण मगे दिष्ट लागली तर? एवढा नाव झाला आमच्या शर्वाणीचा. लोकांच्या पोटात दुखता गो. तुमका समाजना नाय."

शर्वाणीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जमिनीवर सांडलेला लाकडाचा भुसा ती हातानं एका बाजूला गोळा करत राहिली.

"लागाची नाय," मी म्हटलं.

सासूबाईंनी मान वर केली. त्यांची नजर अधू झाली होती, पण माझ्यावर खिळली ती हलेना.

"तू सांगतंस?"

"मी सांगतंय, आई."

त्यांनी हातातला पाट माझ्याकडे दिला.

"मगे काढ."

मी फळीवरून पॉलिशपेपर घेतला आणि त्यांच्यासमोर बसून घासायला लागले.